चूक कारकुनाची, हेलपाटे आजीचे

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

गेल्या काही वर्षांत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते नुसतं कानावर पडलं तरी डोकं तापतं. "आपल्या लोकांची नावंच विचित्र हो. सरळ सोपी नावं ठेवली असती, सगळीकडे एकच स्पेलिंग लावलं असतं, तर आज ही वेळ आली नसती." काउंटरपलीकडचा माणूस असं बोलला तर एक वेळ समजू शकतो, त्याला रांग संपवायची असते. पण हे आपलेच शिकलेसवरलेले लोक बोलतात. आणि कुणाला, तर नावातल्या एका अक्षरावरून जिची पेन्शन अडकली आहे अशा म्हाताऱ्या बाईला. म्हणून हा प्रपंच.

मी इंदूरचा. जन्म इथला, बी.कॉम. इथलं, आणि पुढे ३८ वर्षं बँकेत नोकरी. बदल्यांच्या निमित्ताने बडोदा, बेळगाव, हैदराबाद अशी आपल्या लोकांची जुनी ठिकाणं जवळून पाहिली. हजारो लोकांची नावं आणि सह्या डोळ्यांखालून गेल्या. त्या भांडवलावर माझं म्हणणं एका वाक्यात मांडतो: नाव माणसाचं असतं, स्पेलिंग लिहिणाऱ्याचं असतं, आणि ज्यानं लिहिलं त्यानंच ते निस्तरलं पाहिजे.

आता बघा, आपली नावं "विचित्र" झाली कशी.

इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत ळ नाही. त्यामुळे काळे झाले काले, गोळे झाले गोले, मुळे झाले मुले. आडनाव बाळ असेल तर हिंदीत त्याचा थेट केस झाला. ज्यांच्या राज्यात आपले पूर्वज इथे आले ते होळकरसुद्धा होळ गावावरून होळकर, पण इथल्या प्रत्येक पाटीवर होलकर. खुद्द लोकमान्य टिळक हिंदी पुस्तकांत तिलक आहेत. तिथे तुमच्या-आमच्या रेशनकार्डाची काय कथा!

बडोद्यात ळ वाचला, कारण गुजरातीत ते अक्षर आहे. पण तिथे आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि दोघांच्या मागे भाई किंवा बेन. घरात कुणी कुणाला भाई म्हणत नाही, पण शाळेच्या दाखल्यावर सहा वर्षांचं पोर "भाई" होऊन बसतं. शिवाय महाराष्ट्रात वाघ लिहायला डब्ल्यू वापरतात, गुजरातेत व्ही. पॅनकार्डाच्या नंबरातलं पाचवं अक्षर आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून पडतं. म्हणजे पुण्यात शिकलेला एक वाघ आणि बडोद्यात शिकलेला त्याचा सख्खा भाऊ, सरकारदरबारी दोघांची आडनावंच वेगळी.

बेळगावकडे देशपांडे कानडीत देशपांडेच राहतात, पण कानडीवरून इंग्रजीत उतरताना मध्ये एक जादा ए घुसतो. कुलकर्णींचंही तेच. त्यात इनिशियल लिहायची पद्धत, त्यामुळे वडिलांचं अख्खं नाव एका अक्षरात आणि एका टिंबात गडप. हैदराबादकडे आडनाव पुढे येऊन त्याचं इनिशियल होतं, आणि नावामागचा मानाचा "राव" हाच कित्येकांचं आडनाव होऊन बसला. गोव्यात तर पोर्तुगीज वहीत के हे अक्षरच जवळपास नाही. म्हणून तिथे "कर" सी-ए-आर असा लिहिला गेला, नाईकाच्या शेवटी क्यू-यू-ई लागलं, शेणव्यांचं सिनाय झालं आणि प्रभूंचं पोरोब. १९६१ नंतर ज्यांनी ती नावं पुन्हा मराठी वळणावर आणली, त्यांच्या घरात आजोबांची मिळकत एका स्पेलिंगने आणि नातवाचा पासपोर्ट दुसऱ्या. गोव्यात १९९० साली नाव-आडनाव बदलण्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला, यावरून काय ते समजा.

मला सांगा, यातलं एक तरी स्पेलिंग आपल्या आजोबांनी निवडलं होतं का? आजोबांनी शाळेत नाव सांगितलं. मास्तरांना जसं ऐकू आलं तसं त्यांनी आपल्या लिपीत लिहिलं. तलाठ्यानं, पटवाऱ्यानं, वॉर्डातल्या बाबूनं तेच केलं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. माझ्या वयाच्या लोकांपैकी बऱ्याच जणांकडे शाळेच्या दाखल्याखेरीज जन्माचा दुसरा कागदच नसतो. म्हणजे मास्तर जो लिहील तो खरा. आणि आज साठ-सत्तर वर्षांनी विचारतात, "तुम्ही असं स्पेलिंग का लावलं?" अहो, आम्ही कुठे लावलं? आम्ही तर बेंचवर बसून नाक पुसत होतो!

आता हाच न्याय मोठ्यांना लावून बघू. ग्वाल्हेरचे शिंदे. इंग्रजांना शिंदे म्हणता येईना, त्यांनी एस-सी घालून काहीतरी लिहिलं, त्यावरून हिंदीत सिंधिया झालं. त्याच नावानं शाळा निघाली, १९१९ साली जहाज कंपनी निघाली. बडोद्याचे गायकवाड इंग्रजांच्या कागदात शेवटी डी ऐवजी आर लावून कधी "गायकवार" तर कधी आणखी काही. महाराजांना कुणी विचारलं का, की शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून द्या, "शिंदे आणि सिंधिया ही एकच व्यक्ती आहे"?

शहरांचं घ्या. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारनं एका झटक्यात बारा शहरांची स्पेलिंगं बदलली. बेळगाव त्यातलंच. मुंबईचं अधिकृत नाव १९९५ साली बदललं, पण हायकोर्ट आजही बॉम्बेच आहे. बडोद्याचं वडोदरा होऊन पन्नासएक वर्षं झाली, पण १९४९ चं सयाजीराव महाराजांच्या नावाचं विद्यापीठ इंग्रजीत अजून बडोद्याचंच. कोर्टाचे निकाल रद्द झाले का? विद्यापीठाच्या डिग्र्या फुकट गेल्या का? नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे की जागा तीच आहे. शहराला हे औदार्य दाखवतात, राजाला दाखवतात, आणि कुठल्याशा गल्लीतल्या विधवेच्या नावात एक एच कमी पडला की कायद्याचा कडक अंमल सुरू होतो.

माझ्या घरचंच सांगतो. माझे थोरले बंधू गेले. त्यांची मुदत ठेव होती, नॉमिनी आमच्या वहिनी. वहिनींचं पूर्ण नाव इथे देत नाही, पण त्यात "लक्ष्मी" आहे. इंग्रजीत लक्ष्मी एक्स घालून लिहितात, के-एस-एच घालूनही लिहितात, आणि दोन्ही बरोबर. नॉमिनेशनचा फॉर्म वीसेक वर्षांपूर्वी शाखेतल्याच कुणी भरून दिला होता, त्यात एक्स, आणि आपल्या पद्धतीनं पुढे "बाई". आधारवर के-एस-एच, बाई नाही. आमच्या आडनावात ळ आहे, तो हिंदी कागदांवर कधीच ल झालेला. शाखेनं क्लेम ठेवून घेतला आणि यादी दिली: अ‍ॅफिडेव्हिट करा, पेपरात जाहिरात द्या, गॅझेटमध्ये छापून आणा.

वहिनींचं वय ८१. शाखा पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कधी संबंधित अधिकारी रजेवर, कधी सिस्टीम बंद, कधी "ही झेरॉक्स स्पष्ट नाही". एका पायरीवर दम घ्यायला थांबल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, चोपन्न वर्षं संसार केला, आणि मी त्यांची बायको आहे हे मला आता नोटरीकडून कळणार का?" मला काही उत्तर देता आलं नाही. पैशाच्या देवीचं नाव धारण करणारी बाई, आणि तिच्याच पैशासमोर तिची ओळख पटेना.

लेखी तक्रार वरपर्यंत नेली तेव्हा सात महिन्यांनी रक्कम मिळाली. त्या सात महिन्यांत वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं. मुलाकडे हात पसरायचा नाही ही त्यांची जिद्द. रिझर्व्ह बँकेची २००५ पासूनची सूचना आहे की मयत खातेदाराचा क्लेम १५ दिवसांत निकाली काढावा. मग हे सात महिने कुठून आले? पळवाट साधी आहे. पंधरा दिवस मोजायचे ते "समाधानकारक कागद" मिळाल्यापासून. आणि एक्सच्या जागी के-एस-एच असेल तोवर कागद समाधानकारक नसतात.

कुणी म्हणेल, नियमच तसा आहे, बिचारा अधिकारी काय करणार. इथे मी जरा जुना माणूस म्हणून बोलतो. आम्ही बँकिंगच्या परीक्षा दिल्या तेव्हा शिकवलं जायचं की चेकवर पैसे घेणाऱ्याचं नाव चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेलं असेल, तर त्यानं मागे आधी त्याच चुकीच्या स्पेलिंगने सही करावी आणि खाली आपली खरी सही करावी. इंग्लंडच्या १८८२ च्या बिल्स ऑफ एक्स्चेंजच्या कायद्यात हे सरळ लिहिलेलं आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजालाही कळत होतं की लिहिणाऱ्याच्या हातून स्पेलिंग चुकतं, त्यात घेणाऱ्याचा दोष नाही. माझ्या टेबलावरून असे चेक मी पास केलेत, आणि एकही उलटला नाही.

आपलाच भारतीय वारसा कायदा घ्या, १९२५ चा. कलम ७६. मृत्युपत्रात वारसाचं नाव चुकलं, पण माणूस कोण ते स्पष्ट कळत असेल, तर देणगी रद्द होत नाही. कायद्यातच उदाहरण दिलंय: कुणी "माझा भाऊ जॉन याचा दुसरा मुलगा थॉमस" याला रक्कम लिहून ठेवली. त्या भावाला थॉमस नावाचा मुलगाच नाही, दुसऱ्या मुलाचं नाव विल्यम. तर रक्कम विल्यमला मिळेल. बघा! थॉमसच्या जागी विल्यम चालतो, आणि आमच्या लक्ष्मीच्या जागी लक्ष्मी चालत नाही.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. "असं सैल सोडलं तर भामटे दुसऱ्याच्या नावावर पैसे उचलतील." भामट्यांची काळजी मला कमी नाही, जन्म त्यातच गेला. पण अनुभवाचं सांगतो. भामट्याचे कागद नेहमी चोख जुळतात, कारण त्यानं ते जुळवूनच आणलेले असतात. न जुळणारे कागद खऱ्या माणसाचे असतात, कारण ते पन्नास वर्षांत, पाच गावांत, दहा कारकुनांच्या हातून तयार झालेले असतात. आणि ओळखच पटवायची तर साधनं काय कमी आहेत? आधारसाठी आपल्या दहा बोटांचे ठसे घेतले, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे फोटो घेतले. एवढं सगळं घेऊन अडले कुठे, तर एका एचवर!

तिसरा आक्षेप कॉम्प्युटरचा. "सिस्टीम घेत नाही." सिस्टीम आभाळातून पडत नाही. व्ही आणि डब्ल्यू एकच समजायचे, भाई-बेन-राव-बाई सोडून द्यायचं, इनिशियल आणि पूर्ण नाव जुळवायचं, एवढं शिकवणं यंत्राला अवघड नाही. शिकवलेलं नाही, कारण न शिकवल्याचा भुर्दंड शिकवणाऱ्याला बसत नाही. पॅन-आधार जोडणीचं आठवा. शेवटची मुदत ३० जून २०२३, उशिराची फी १००० रुपये. दोन्ही कार्डं सरकारनं दिलेली, दोन्हीवरची नावं सरकारी यंत्रणेतून गेलेली. ती एकमेकांशी जुळली नाहीत तर हजार रुपये कोणी भरायचे? आपण! आणि आधारवरचं नाव दुरुस्त करायला जा, तर आयुष्यात दोनदाच संधी. ऑपरेटरनं दुसऱ्यांदाही चूक केली तर तुमचा कोटा संपला.

आता सगळ्यात जास्त कोण भरडतं ते बघा. बायका. आपल्यात लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायची हौस. समजा कुसुम जोशीची मालती कुलकर्णी झाली. शाळेचा दाखला कुसुमचा, रेशनकार्ड मालतीचं, माहेरच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर पुन्हा कुसुम, वडिलांच्या नावासकट. नवऱ्याच्या हयातीत काही अडत नाही, कारण तिला कुणी विचारतच नाही. तो गेला की पहिल्यांदा तिला सही करायला बोलावतात, आणि त्याच दिवशी सांगतात की तू दोन बायका आहेस, यातली खरी कोण ते सिद्ध कर. पुरुषाचं नाव जन्मभर एक, तरी त्याची दमछाक होते. तिची तर नाव आणि आडनाव, दोन्ही बदललेली.

म्हणून जे म्हणतात "सोपी नावं ठेवा", त्यांना माझा उलटा प्रश्न: कुणाला सोपी? इंदूरच्या ऑपरेटरला ळ जड जातो म्हणून काळ्यांनी काले व्हायचं? उद्या त्याला ण जड गेला तर? नावात आपलं गाव असतं, कुलदैवत असतं, जिच्यावरून नाव ठेवलं ती आजी असते. आपण मराठीपासून शेकडो मैलांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. बोलणं बदललं, जेवण बदललं, पोरं हिंदीत भांडायला लागली. राहिलं काय, तर आडनावातला एक ळ. तोही काउंटरवर ठेवून यायचा?

हां, एका बाबतीत आपल्या लोकांनाही ऐकवतो. हल्ली अंकशास्त्रवाल्याच्या सांगण्यावरून पोराच्या नावात तीन-तीन ए आणि दोन-दोन एच घालतात. भाग्य उजळेल म्हणे. ते जादा ए त्या पोराला पुढे चाळीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक फोनवर अक्षर अक्षर सांगत बसावे लागणार. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना पुष्कळ कामांसाठी जन्मदाखला हाच एकमेव पुरावा आहे. त्यावर ज्योतिषाचे प्रयोग करू नका. ही हौस आपली, तिचा त्रासही आपला. पण या हौशी मंडळींकडे बोट दाखवून आमच्या वहिनींना गप्प बसवू नका. त्यांनी नावात काही घातलं नव्हतं, काही काढलंही नव्हतं.

आणि "सरकारला हे जमणार नाही" असं कुणी म्हणू नये. २०११ साली सातारा जिल्ह्यात नकुसा, नकोशी अशा नावांच्या २८५ मुलींची जाहीर समारंभात नवी नावं ठेवली आणि त्यांना नव्या नावांचे दाखले दिले. एका दिवसात. अ‍ॅफिडेव्हिट नाही, गॅझेटसाठी खेटे नाहीत. अख्खं नाव बदललं तिथे, आणि इथे एक अक्षर बदलत नाही. मनात आणलं की होतं, एवढाच त्याचा अर्थ.

मग मागणी काय? तीनच गोष्टी मागतो. एक, उच्चार तोच असेल आणि फरक फक्त स्पेलिंगचा, इनिशियलचा किंवा भाई-बाई-रावचा असेल, तर माणसाचं साध्या कागदावरचं निवेदन आणि फोटो असलेलं एक ओळखपत्र पुरे समजावं. दोन, ज्या कचेरीच्या नोंदीत चूक आहे त्या कचेरीनं ती फुकट आणि ठराविक दिवसांत दुरुस्त करावी, आणि उशीर झाला तर भरपाई द्यावी. तीन, लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला एकदा दाखवला की पुन्हा जाहिराती आणि गॅझेट मागू नये. यात क्रांतिकारक काही नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपली माणसं अडू नयेत म्हणून दोन कामाच्या गोष्टी. घरातल्या ज्येष्ठांचे नॉमिनेशन फॉर्म आजच काढून बघा, आणि नॉमिनीचं नाव तिच्या आजच्या ओळखपत्राशी जुळत नसेल तर खातेदार हयात असतानाच बदलून घ्या. तेव्हा एका फॉर्मचं काम असतं, नंतर सात महिन्यांचं. दुसरं, दहा वर्षं कुणी न विचारलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. त्या शोधायला २०२३ पासून "उद्गम" नावाचं पोर्टल आहे, आणि तिथला शोध नावावरून चालतो. आजोबांचं नाव एकाच स्पेलिंगने शोधून हात हलवत परत येऊ नका. एक्स, के-एस-एच, व्ही, डब्ल्यू, भाई, राव, सगळं लावून बघा. कारकुनानं जितक्या तऱ्हांनी लिहिलं असेल तितक्या तऱ्हांनी शोधा. पैसा आपलाच आहे.

आणि पुढच्या वेळी काउंटरवर कुणी म्हणालं, "मॅडम, तुमचं नाव चुकीचं आहे", तर आपल्या घरच्या बाईला शिकवून ठेवा. तिनं शांतपणे सांगावं, "नाव बरोबर आहे. तुमच्याकडे चुकीचं लिहिलंय. दुरुस्त करा आणि दुरुस्त केल्याचं मला लेखी द्या."

आपापल्या गावचे अनुभव खाली जरूर लिहा. नावं नकोत, अक्षर कुठे अडलं तेवढं सांगा.

— एक निवृत्त बँक अधिकारी, इंदूर